बाळ मांडीवर की कार सीटमध्ये? घरात दोन तट पडलेत

मुक्ता_पुणे
लेक सात महिन्यांची आहे. गौरी-गणपतीला पुण्याहून कोल्हापूरला सासरी जायचंय, गाडीने. त्यासाठी मागे तोंड करून बसवायची कार सीट घेतली. रविवारी सवय म्हणून गावातच एक चक्कर मारली, तर स्वारगेटपर्यंत नुसता आकांत. सिग्नलला सासूबाईंनी पट्टे सोडले आणि तिला मांडीवर घेतलं. ‘बांधून काय ठेवतेस, चोर आहे का ती?’ मिनिटभरात ती झोपली. मग मलाच अपराधी वाटलं. नवरा म्हणतो, आईचं मन नको मोडूया, मी हळू चालवीन.

माझं मत पक्कं आहे. चालत्या गाडीत मांडी ही बाळाची जागा नाही, मग ती आजीची असो की माझी. मी चुकत असेन तर सांगा, पण कारणासकट.

कराडची_आजी
मुक्ता, मी तुझ्या सासूबाईंच्या बाजूने लिहिते आहे, राग मानू नकोस. माझी तीन मुलं फियाटमध्ये मांडीवर बसूनच वाढली. कराड-मुंबई किती वेळा केलं त्याला गणती नाही. सात महिन्यांचं पोर म्हणजे आत्ता कुठे बसायला लागलंय. त्याला आईचा वास हवा, ऊब हवी. रडून रडून काळंनिळं झालं तर? दूध उलटलं आणि घशात अडकलं तर, तोंड मागे असताना पुढच्याला कळणार कसं? मांडीवरच्या बाळाचा श्वास आपल्याला कळतो. सीटला कळतो का?

घाटवाट
आजी, तुमच्या काळजीबद्दल मनात आदर ठेवूनच लिहितो. मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम करतो, म्हणून हिशेबच मांडतो. ताशी 50 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. गाडी कशावर आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 8 किलोचं बाळ त्या क्षणी 110 किलोहून जास्त ओढीने पुढे जातं. सिमेंटची दोन पोती अचानक हातातून ओढली जावीत, तसं. जगातली कुठलीही आई ती धरू शकत नाही. प्रेम कमी पडतं असं नाही, मनगटाला तेवढी ताकदच नसते. आणि हा हिशेब 50 चा आहे. हायवेवर तो कितीतरी पट वाढतो, कारण वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते.

दुसरं, आईने पट्टा लावला नसेल तर तिचंच वजन बाळावर येतं आणि ते तिच्या नि पुढच्या सीटच्या मधे चिरडतं. दोघांना मिळून एकच पट्टा लावला तर तो बाळाच्या पोटात रुततो. ‘मी हळू चालवीन’ हे दादा मनापासून म्हणत असतील, पण समोरून येणारा ट्रक हळू येईल याची हमी ते देऊ शकत नाहीत.

कायद्याचंही सांगतो. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 194बी आलं. 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्यासाठीची सीट नसेल तर 1000 रुपये दंड.

एसटीचा_प्रवासी
मला या धाग्यातली एक गोष्ट खटकते. आमच्याकडे बाळ दवाखान्यातून घरी येतं ते रिक्षातून किंवा वडापच्या जीपमधून. एसटीत बाळाला मांडीशिवाय जागाच नाही. ती आई निष्काळजी ठरली का? आठ-दहा हजारांची सीट, तीही दीड-दोन वर्षांत लहान पडणार. दुचाकीचा नियम बघा. चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट, चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि वेग ताशी 40 च्या आत, हे 2023 पासून लागू आहे. कुठल्याही शाळेसमोर सकाळी अर्धा तास उभे राहा आणि किती जण पाळतात ते मोजा. आधी एसटीत आणि रिक्षात लहान मुलांसाठी काही करा, मग मांडीला नावं ठेवा.

मुक्ता_पुणे
दादा, मांडीला नावं ठेवत नाहीये. माझी आई मला एसटीतूनच घेऊन यायची, दुसरा इलाजच नव्हता. पण माझ्याकडे गाडी आहे, सीट आहे. ती डिकीत ठेवून लेकीला हातात धरलं तर एसटीतल्या कुठल्या बाळाचं भलं होणार आहे?

एसटीचा_प्रवासी
तुमच्यापुरतं पटलं. पण दंडाचं कलम मला आजही अन्यायाचंच वाटतं. ज्याने जुनी गाडी कशीबशी घेतली, त्याला सीट परवडेल अशी सोय सरकारने केलेली नाही.

मधला_रस्ता
भांडता कशाला? गावात मांडीवर घ्या, हायवेला लागलं की सीटमध्ये ठेवा. आजीही खूश, आईही खूश.

नॅशव्हिलची_मावशी
अशी तडजोड आमच्या टेनेसी राज्यात एकदा कायद्यातच लिहून झाली होती, म्हणून सांगते. मुलांच्या सीटची सक्ती करणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य हेच, 1978 पासून. रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ त्यामागे लागले होते. पण कायदा संमत होताना त्यात एक पळवाट घुसवली गेली : बाळ कुणाच्या हातात असेल तर सीट नको. याच सवलतीत मुलं चिरडली जातील, असं सँडर्स म्हणत राहिले. 1981 मध्ये ती सवलत काढावी लागली. आणि गावात वेग कमी असतो हे खरं, पण 50 चा हिशेब वर घाटवाट यांनी दिलाच आहे. पुण्यात 50 ने कुणी जात नाही का?

गोथेनबर्गची_मेधा
आजी, मागे तोंड का, ते सांगते. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी. समोरून धडक बसली की पुढे तोंड असलेल्या बाळाचं डोकं झटक्याने पुढे जातं आणि सगळा भार मानेवर येतो. मागे तोंड असेल तर तोच झटका डोकं, मान, पाठ अशा सगळ्यांवर सारखा विभागून सीटच्या पाठीला जातो. इथले प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांना ही कल्पना सुचली ती अमेरिकेच्या जेमिनी यानातल्या अंतराळवीरांची आसनं पाहून. 1964 मध्ये पहिला नमुना तपासला गेला. आज स्वीडनमध्ये मुलं चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करूनच बसवायला सांगतात. माझा मुलगा साडेतीनचा आहे, पाय दुमडून मजेत बसतो.

मुक्ता, एक गोष्ट जिवावरची आहे. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असेल तर ही सीट तिथे कधीही लावायची नाही. एअरबॅग फुटली की ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते.

वॉर्डातली_सिस्टर
मी नवजात बाळांच्या वॉर्डात काम करते. सीट हवीच. पण आजी श्वासाचं म्हणतात ते उडवून लावू नका. लहान बाळाची हनुवटी छातीवर टेकली की श्वासनलिका दबू शकते. म्हणून सीट जेवढी मागे कलती ठेवायला सांगितली आहे तेवढी ठेवा. सलग दोन तासांच्या वर बसवू नका. घरी आलात की झोपलेलं असलं तरी उचलून सपाट अंथरुणावर घ्या. मोठं माणूस मागे शेजारी बसलं तर बाळाचा चेहरा सतत दिसतो. ती जागा तुझ्या सासूबाईंना दे.

पट्ट्याखाली दुपटं किंवा जाड स्वेटर नको. धडकेत ते दबतं आणि पट्टा सैल पडतो. पट्टा खांद्याच्या उंचीला किंवा जरा खाली, आणि खांद्याजवळ चिमटीत धरता येणार नाही इतका घट्ट. थंडी वाटली तर पट्टे लावल्यावर वरून पांघरा.

कराडची_आजी
सिस्टरबाईंनी नीट सांगितलं. पोत्यांचा हिशेब काल रात्री माझ्या डोक्यातून जाईना. आमची मुलं नीट पोचली, त्यात आमच्या हातांचं काही नव्हतं म्हणायचं. तरी मला एक सांगा, भूक लागली तर पाजायचं कसं? तान्हं पोर थांबत नाही.

मुक्ता_पुणे
आजी, गाडी थांबवून. चालत्या गाडीत पट्टे सोडायचे नाहीत, एवढंच नवऱ्याकडून कबूल करून घेतलंय. आधी घरातच रोज दहा मिनिटं सीटमध्ये बसवून खेळवते आहे, परवापासून रडणं कमी झालंय. सासूबाई शेजारी बसणार, खुळखुळा त्यांच्याकडे. खंबाटकी उतरली की सुरूरला पहिला थांबा, दुसरा कराडला.

कराडची_आजी
मग कराडला टपरीवर कशाला, माझ्याकडे थांबा. हायवेपासून पाच मिनिटांवर घर आहे. पत्ता निरोपात कळवते. गरम पाणी आणि अंथरूण तयार ठेवते. तेवढा वेळ तरी ती माझ्या मांडीवर चालेल ना?