मुलासारखीच दिसणारी बाहुली हवी का?

घोडबंदरची: परदेशातल्या एका उद्योजिकेबद्दल वाचलं. आईवडील वेगवेगळ्या वंशांचे असलेल्या मुलांसारख्या बाहुल्या ती बनवते. तपकिरी रंग, दाट कुरळे केस. मला पटलं. माझ्या भाचीचा नवरा केनियाचा, लेक पाच वर्षांची. मागच्या महिन्यात जांभळी नाक्यावर बाहुली घ्यायला गेलो. दुकानदाराने दहा-बारा काढल्या, सगळ्या गोऱ्यापान. 'सावळी नाही का?' तर म्हणे, 'काळी कोण घेतं ताई?' पोरगी समोरच उभी होती.

नौपाड्याचा नाना: दुकानदार चुकलाच. पण त्यासाठी खास बाहुली? आमच्या बहिणी लाकडी ठकीशी खेळल्या. डोळे म्हणजे रंगाचे दोन ठिपके. ती कुणासारखी दिसते, असं कुणी विचारलं नाही. उद्या दात पडलेल्या पोराला बोळक्या तोंडाची बाहुली आणाल. कंपन्यांची चंगळ!

ऐरोलीची मास्तरीण: नाना, १९४० च्या दशकात अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने मुलांपुढे फक्त रंगाने वेगळ्या बाहुल्या ठेवल्या. बऱ्याच कृष्णवर्णीय मुलांनी गोरी 'चांगली' म्हणून उचलली. शाळांमधल्या वर्णभेदावरच्या १९५४ च्या ब्राउन खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल देताना त्याचा आधार घेतला.

नौपाड्याचा नाना: बरोबर. आणि निकाल काय लागला? वर्णावरून शाळा वेगळ्या ठेवू नका. बाहुल्या बदला असं कोर्ट म्हणालं नाही! घरात 'उन्हात जाऊ नकोस, काळी होशील' चालूच, आणि बाहुली मात्र सावळी आणायची.

ऐरोलीची मास्तरीण: हे मात्र खरं. आमच्या स्टाफरूममध्येही तेच ऐकते.

वाशीचा खेळणीवाला: धंद्याचं सांगतो. नुसता रंग बदलणं स्वस्त पडतं. बार्बीवाल्या मॅटेल कंपनीने १९६७ साली फ्रान्सी नावाची कृष्णवर्णीय बाहुली काढली ती गोरीच्याच साच्यातून. नाक-ओठ तेच. बार्बी १९५९ ची, पण 'बार्बी' याच नावाची कृष्णवर्णीय बाहुली यायला १९८० उजाडलं. वेगळा चेहरा म्हणजे वेगळा साचा, आणि साच्याचा खर्च शे-दोनशे नगांत निघत नाही. वर २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा. नोंदणीकृत हस्तकारागिरांना सूट आहे, पण व्हिनाइलच्या, म्हणजे मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या काढणाऱ्याला नाही. म्हणून त्या बाईंची बाहुली महाग असेल तर मी नावं ठेवणार नाही. मी स्वतः माल मागवेन का? खरं सांगू, नाही. पडून राहील.

घोडबंदरची: बघा, म्हणजे दुकानदाराचंच म्हणणं! असो. शेवटी माझ्या आईने मांजरपाट चहाच्या पाण्यात उकळून रंगवला. केसांसाठी जुना काळा स्वेटर उसवला. उसवलेली लोकर आपोआप कुरळीच राहते. पोरगी दोन दिवस तिला सोडेना. तक्रार एकच, हिला चहाचा वास येतो.

नौपाड्याचा नाना: उन्हात टाका, जाईल. आणि डोळे बटणांचे असतील तर घट्ट शिवा, धाकटी पोरं तोंडात घालतात.

घोडबंदरची: उन्हात? काळी होईल ना हो!