मदत हवी आहे: चटणीच्या पाकिटावर नक्की काय काय लिहायचं? अर्जंट

तिखटजाळ
मंडळी सोमवारच्या आत सांगा. आई कांदा लसूण चटणी करते, राजारामपुरीतला एक दुकानदार ठेवून घ्यायला तयार झालेला, आता माल बघून म्हणतोय असलं लेबल चालत नाही, वजनमापंवाले आले तर दंड मला बसतोय. काय चालत नाही ते सांगायला त्याला वेळ नाही. वजन लिहिलंय, किंमत लिहिलीय, मोबाईल नंबर पण आहे, आणखी काय पाहिजे?

शाहूपुरीकर
लेबलवर शब्दन् शब्द काय छापलंय ते टाक आधी. आणि माल भरून ठेवता का गिऱ्हाईकासमोर मोजता?

तिखटजाळ
भरूनच की, पाकीट म्हटलं ना. 'घरगुती कोल्हापुरी चटणी, वजन अंदाजे 250 ग्रॅम, किंमत 150', आणि खाली मोबाईल नंबर.

काटा_बघ
तुझं 'अंदाजे'च नडतंय भावा. पॅकबंद मालाचे 2011 चे नियम आहेत, त्यात वजनाला अंदाजे, किमान असलं काही जोडता येत नाही. निव्वळ वजन 250 ग्रॅम, विषय संपला, आणि ते पिशवीचं वजन सोडून. बाकी भरणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, माल बनवल्याचा महिना-वर्ष, एमआरपी सगळे कर धरून, तक्रारीसाठी फोन-ईमेल. आता ग्रॅममागं किंमत पण लागते, तुझी 60 पैसे येते. आणि हे सगळं हिंदीत नाहीतर इंग्रजीत पाहिजे, मराठी जोडीला चालते.

रंकाळा_वारा
कोल्हापुरात विकायचं, खाणार मराठी माणूस, आणि नुसती मराठी चालत नाही? कुठला न्याय हा?

काटा_बघ
न्यायाचं मला विचारू नका, नियम तसा आहे.

लक्ष्मीपुरी_होलसेल
एवढा कुटाणा कशाला, सुट्टी विका. बरणी दुकानात ठेवायची, मागंल तेवढी मोजून द्यायची, लेबलची भानगडच नाही. आम्ही डाळ-तांदूळ असंच विकतोय की.

शाहूपुरीकर
मामा, त्याचा दुकानदार तेलकट चटणी मोजत बसणार आहे का? आणि एफएसएसएआयचं, म्हणजे खाण्याच्या मालाचं सरकारी रजिस्ट्रेशन सुट्टीला पण सुटत नाही. तिखटजाळ, ते आहे का?

तिखटजाळ
ते आहे, आईनं कधीच काढलंय. वजनाचं बोला.

लक्ष्मीपुरी_होलसेल
वजनाचं एवढं टेन्शन घेऊ नको, 250 ला 9 ग्रॅमची सूट असते. 242 भरलं तरी कोण काय करत नाही.

काटा_बघ
असले सल्ले देऊन पोराला गोत्यात घालू नका. ती सूट एखादं पाकीट चुकून कमी भरलं तर त्याच्यासाठी आहे. तपासायला आले की बरीच पाकिटं उचलून सरासरी काढतात, ती 250 च्या खाली आली की अडकला. उलट चार ग्रॅम जास्तच टाक, चटणी ठेवून ठेवून सुकते.

मंगळवारपेठ_काकू
चटणीचं सोडा, मिठाईवाल्यांना कोण विचारतंय? पेढे घेताना पुठ्ठ्याचा बॉक्स पेढ्याच्या भावानं मोजतात. मी एकदा म्हटलं आधी रिकामा बॉक्स ठेवून काटा शून्य कर बाबा, तर माझ्याकडं असं बघितलं जसं काय मी फुकट मागायला आलीय.

रंकाळा_वारा
काकू ते 1915 ला फोन करायचा, ग्राहक हेल्पलाईन. गंगावेशीत दूध घेताना मापातला फेस बसू द्या म्हटलं तरी हेच.

शाहूपुरीकर
गंगावेशीवर वेगळा धागा काढा. तिखटजाळ, आई मोजते कशावर?

तिखटजाळ
ऑनलाईन मागवलेला किचन काटा. एकदम बरोबर दाखवतो, साखरेचं पाकीट ठेवून बघितलंय.

शाहूपुरीकर
बरोबर दाखवून उपयोग नाही, धंद्याच्या काट्यावर वैधमापनचा, म्हणजे त्या वजनमापंवाल्या सरकारी खात्याचा शिक्का लागतो आणि त्याची दरवर्षी फेरपडताळणी. परवानाधारक विक्रेत्याकडनं घे, पडताळणी करून देतो, प्रमाणपत्र मागून घे.

काटा_बघ
आणि त्याच खात्याकडं पॅकर, म्हणजे माल भरणारा म्हणून नोंदणी पण कर, भरायला लागल्यापासून 90 दिवसांत करायची असते, फी 500.

तिखटजाळ
हे आत्ता सांगताय! बरं, लेबल छापून झालीत, 'अंदाजे'वर स्टिकर मारला तर?

काटा_बघ
नको, नवीन छाप. एवढं सगळं वाढवायचंय, स्टिकरवर मावणार आहे का?

मंगळवारपेठ_काकू
लसूण कच्चाच घालता की परतून? आमची महिन्याभरात काळी पडते.