नोकरी सोडून स्वतःची सीए प्रॅक्टिस, इंदूरमध्ये. कोणी केलंय का?

राजेंद्रनगरवाला
नमस्कार मंडळी. सहा वर्षं इथल्याच एका फर्ममध्ये आहे, पगार 70 हजार, बायको शाळेत शिकवते, आई आणि दीड वर्षाची मुलगी घरी. आता स्वतःचं करावं असं फार वाटतंय. सीओपी म्हणजे प्रॅक्टिसचा परवाना काढणं, फर्मचं नाव सीएंच्या इन्स्टिट्यूटकडून मंजूर करून घेणं वगैरे कागदी कामं माहीत आहेत, ते विचारत नाहीये. अडलंय ते वेगळंच. फर्मच्या मालकांचे, म्हणजे आमच्या सरांचे दोन क्लायंट, एक क्लॉथ मार्केटचा आणि एक सियागंजचा, म्हणतात "भिया आप जहाँ जाओगे, हम वहाँ". त्यांना घ्यावं का? सरांनी मला आर्टिकलशिपपासून (सीए होण्याआधीच्या उमेदवारीपासून) शिकवलंय, त्यामुळे पोटात गोळा येतो. दुसरं, ऑफिस विजयनगरला घेऊ की राजवाड्याच्या बाजूला? आणि फी सांगताना माझा आवाजच बसतो, त्याचं काय करू?

लष्करचे_काका
मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात 31 वर्षं प्रॅक्टिस केली, आता मुलगा बघतो, म्हणून वेळ आहे लिहायला. बाळा, "आप जहाँ जाओगे" हे व्यापारी सगळ्यांनाच म्हणतो, त्याच्यावर घराचं गणित मांडू नकोस. आधी सरांना जाऊन सांग, आणि बाहेरून कळायच्या आत सांग. इंदूर केवढंही वाढलं तरी क्लॉथ मार्केटमधली बातमी दुपारच्या चहापर्यंत सरांच्या टेबलावर असते.

क्लायंट स्वतःहून आला तर घ्यायला बंदी नाही, पण ऑडिटचं काम असेल तर आधीच्या ऑडिटरला लेखी कळवल्याशिवाय हो म्हणायचं नाही आणि पत्र पोचल्याचा पुरावा जपून ठेवायचा. दुसरी गोष्ट पोरं विसरतात. आधीच्या ऑडिटरची फी वादात नसताना थकलेली असेल, तर ती चुकती झाल्याशिवाय ऑडिट घ्यायचं नसतं. तुझ्या त्या दोघांपैकी एखादा सरांचे पैसे बुडवायलाच तुझ्याकडे येत असला तर ते तिथेच उघडं पडेल, आणि असला माणूस दोन वर्षांनी तुझेही बुडवणारच.

आणि शेठजीच्या आधी मुनीमजींना नमस्कार करायला शीक. बिलं वेळेवर येणार की 19 तारखेच्या रात्री, जीएसटी रिटर्नच्या मुदतीच्या आदल्या दिवशी, ते मुनीम ठरवतो. माझी निम्मी प्रॅक्टिस मुनीमांनी आणली, ते दुकान बदलतात तेव्हा नव्या शेठला तुझंच नाव सांगतात. त्यासाठी जाहिरात लागत नाही, आणि तसंही पत्रकं वाटून काम मागणं आपल्याला चालत नाहीच.

बडोद्याची_सीए
काकांचं पटलं. मी 2019 ला रावपुऱ्यात सासरच्या घराच्या पुढच्या खोलीत सुरू केलं, सासूबाई क्लायंटला पाणी द्यायच्या आणि मुलगा टॅलीच्या कीबोर्डवर बसायचा 😄

दादा, तुमच्या सरांनी सुरू केलं तेव्हाचं चित्र डोक्यात असेल तर काढून टाका. टॅक्स ऑडिटची 1 कोटी उलाढालीची मर्यादा आता ज्यांचा रोखीचा व्यवहार 5 टक्क्यांच्या आत आहे त्यांना 10 कोटी झालीये, म्हणजे सगळं यूपीआय आणि बँकेतून करणारा दुकानदार ऑडिटमधून सुटला. जीएसटीचं सीए ऑडिट होतं तेही 2021 ला गेलं. माझ्या पहिल्या प्लॅनमध्ये निम्मी कमाई या दोन गोष्टींतून होती, त्यामुळे तो प्लॅन मी चक्क फाडला. आता घर चालतं ते महिन्याच्या कामावर. 7 ला टीडीएस भरणं, 11 ला जीएसटीआर वन (विक्रीचा तपशील), 20 ला थ्री बी (कर भरायचा रिटर्न), कंटाळवाणं आहे पण दर महिन्याला पैसे येतात. आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या. विक्री शून्य असली तरी ऑडिट लागतंच आणि पहिला ऑडिटर कंपनी झाल्यापासून 30 दिवसांत नेमावा लागतो, त्यामुळे नवीन कंपनी काढणारी पोरं ओळखीत असतील तर तिथे लक्ष ठेवा.

फीचं म्हणाल तर मीही पहिली दोन वर्षं "बघून द्या" म्हणायचे, लोकांनी बघूनच दिलं, म्हणजे फारसं दिलंच नाही. एका बाईंनी तर रिटर्नच्या बदल्यात लोणच्याची बरणी दिली, लोणचं छान होतं ते सोडा. आता कामाआधीच एक पानाचं पत्र, त्यात काम काय, फी किती, कधी द्यायची. तोंडाने सांगायला लाज वाटते ना, मग कागदाला सांगू द्या. महिन्याच्या कामाची फी 5 तारखेच्या आत, नाही आली तर मी एक फोन करते, दुसरा करत नाही, काम बाजूला ठेवते.

छप्पन_दुकान
ऑफिसवरून एवढं काय, फेसलेस असेसमेंट, म्हणजे अधिकाऱ्यासमोर न जाता ऑनलाइन होणारी रिटर्नची तपासणी, 2020 ला आलं, व्हाइट चर्चसमोरच्या आयकर भवनाच्या जवळ बसायची गरजच संपली. व्यापारी हवे तर राजवाडा, कंपन्यावाले हवे तर विजयनगर. फक्त राजवाड्याकडे स्कूटर कुठे लावणार ते आधी बघ भिया.

खरी भीती दुसरीच. बोर्ड लागला की महिन्याभरात कोणीतरी अकाउंटंट येईल, "सर रिपोर्ट तयार आहे, फक्त सही आणि यूडीआयएन टाका, हजार-दीड हजार घ्या". रिकाम्या खिशाला ते फार गोड लागतं. यूडीआयएन म्हणजे सीएने सही केलेल्या कागदाचा इन्स्टिट्यूटच्या साइटवरचा ओळख क्रमांक, त्या 18 अक्षर-आकड्यांवर तुझं नाव कायमचं चिकटतं, बँकवाला इन्स्टिट्यूटच्या साइटवर दोन मिनिटांत तपासतो, आणि कर्ज बुडालं की अकाउंटंट फोन उचलत नाही. माझ्या बॅचचा एक जण अजून उत्तरं देत फिरतोय.

राजेंद्रनगरवाला
सगळ्यांचे आभार, काका तुमचा मुनीमवाला मुद्दा तर मी वहीत लिहून घेतला. आज सरांना सांगितलं. दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले 31 ऑक्टोबरच्या मुदतीचे रिटर्न संपेपर्यंत थांब आणि क्लॉथ मार्केटवाल्याला घेऊन जा, त्याने माझी दोन वर्षांची फी "दिवाळी के बाद" म्हणून लटकवलीये, तूच वसूल करून दे 😅

आता बडोद्याच्या ताईंना एकच प्रश्न, ते एक पानाचं पत्र तुम्ही हिंदी-गुजरातीत देता की इंग्रजीत? आमचे शेठ इंग्रजी कागद बघितला की सही न करता मुनीमाकडे सरकवतात.

बडोद्याची_सीए
गुजरातीत. आणि फीचा आकडा अक्षरी पण लिहिते.

लष्करचे_काका
मग मुनीमालाच वाचून दाखव. शेठला तोच सांगणार आहे.