उठताना येणाऱ्या चक्करेवर घरगुती उपाय

प्रश्न : तासगावजवळ आमची द्राक्षबाग असून, उन्हातून आल्यावर किंवा बसलेली असताना एकदम उठल्यास माझ्या आईला चक्कर येते. आल्याचा रस द्यावा का?

उत्तर : ताई, आल्याने मळमळ कमी होते, परंतु घामावाटे गेलेले पाणी भरून निघत नाही, म्हणून एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोटघोट पाजावे. मधुमेह असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

उत्तर : आईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे का? उभे राहिल्यावर ३ मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा अधिक अंकांनी उतरत असेल, तर गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना दाखवावे.

उत्तर : बोलणे अडखळले किंवा तोंड वाकडे झाले, तर कोणताही काढा न देता तत्काळ १०८ ला फोन करावा.