रात्रीच्या सराफ्यात आयएसओ किती ठेवावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला राहतो आणि नुकतीच छायाचित्रण शिकायला सुरुवात केली आहे. कॅमेरा एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा असून सोबत १८-५५ मिमीची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर मिळणारी लेन्स आहे. दिवसा राजवाड्याचे आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचे फोटो मनासारखे येतात. खरी अडचण येते ती रात्री सराफ्यात. सोन्याचांदीची दुकाने बंद झाल्यावर तिथे खाण्याचे ठेले लागतात आणि दिव्यांच्या उजेडात जिलबीवाला कढईवर गरागरा हात फिरवत असतो. मला त्याची बोटे आणि तुपात पडणारी पिठाची धार, दोन्ही स्पष्ट टिपायची आहेत.

लेन्स ५५ वर नेली की अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ ५.६ पेक्षा मोठे उघडत नाही (एफचा आकडा लहान, तितके छिद्र मोठे). तिथे शटर १/६० सेकंद आणि आयएसओ (फोटो किती उजळ नोंदवायचा याचा आकडा) ३२०० ठेवल्यास एक्स्पोजर बरोबर येते, पण हात पुसट होतो. शटर १/२५० केले की सेन्सरवर सुमारे चौथा हिस्साच प्रकाश पोहोचतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), आणि तेवढी भरपाई करायची तर आयएसओ १२८०० वर न्यावा लागतो. इथपर्यंतचा हिशोब मला समजला आहे.

कोडे पुढे आहे. आयएसओ वाढवला की नॉईज, म्हणजे फोटोतले दाणे, वाढतो, असे सगळीकडे सांगतात. म्हणून शटर आणि अ‍ॅपर्चर तेच ठेवून, आयएसओ मुद्दाम कमी ठेवून रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) काढली आणि ती संगणकावर उजळवली, तर कढईखालच्या काळोखात दाणे उलट जास्तच दिसले. मग नॉईजचे मूळ कारण कमी पडलेला प्रकाश आहे, आयएसओचा आकडा नव्हे, असे समजावे का? आणि तसे असेल, तर १२८०० वर निर्धास्तपणे फोटो काढावा का? माझा कल तिकडेच आहे, पण जाणकारांचे मत हवे आहे.

दुसरी गोष्ट त्याहून त्रासदायक आहे. १/२५० ला काही एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे काळे पट्टे येतात आणि १/१०० ला ते नाहीसे होतात. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, हे कारण कळले. पण हाताला १/२५० हवे आणि दिव्यांना १/१००, यातून वाट कशी काढावी? इलेक्ट्रॉनिकऐवजी मेकॅनिकल (प्रत्यक्ष पडद्याच्या) शटरने फरक पडतो का?

५० मिमी एफ १.८ लेन्स घेण्याचा विचार आहे. तिने तीन स्टॉपहून अधिक प्रकाश मिळेल आणि आयएसओ १६०० च्या आसपास येईल. मात्र इतक्या उघड्या अ‍ॅपर्चरला, साधारण दीड मीटरवरून, हात आणि कढई दोन्ही फोकसमध्ये राहतील का, की एफ २.८ वर थांबणे बरे?

ठेल्याशी गर्दी असल्यामुळे ट्रायपॉड लावता येत नाही आणि फ्लॅश वापरून कारागिराचे डोळे दिपवण्याची माझी इच्छा नाही. कृपया हे लक्षात घेऊन सुचवावे. कोणी रात्रीच्या बाजारात काढलेले फोटो सेटिंगसह दिले तर फार उपयोग होईल.