घरचा ग्रुप: दादा-वहिनी रँचवर राहायला निघालेत

आत्या (सायं. ७:४०): काल दादाने फोनवर सांगितलं तेव्हापासून जिवाला चैन नाही. दोघांच्या नोकऱ्या चांगल्या चालल्यात, घर आहे. ते सोडून गुरांमागे? शेजारचं घर दीड किलोमीटरवर म्हणे. रात्री-अपरात्री काही झालं तर हाक कोणाला मारायची?

मामा: मी तर म्हणतो जावं. अंगात ताकद आहे तोवरच जावं. मोकळी हवा, शांतता. शहरात श्वास घ्यायला फुरसत नाही.

वहिनी: मामा, तुमच्या पाठिंब्याने बरं वाटलं. पण शांततेसाठी नाही चाललो हो. इथे ३० गाई आहेत, पहाटेपासून काहीतरी चालूच असतं. वर्षभर सगळ्या सुट्ट्या आणि शनिवार-रविवार आम्ही इथेच काढलेत. दमून झोपते आणि सकाळी उठावंसं वाटतं, हे मला ऑफिसात कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. आत्ताही इथेच आहोत. एक गाय आज-उद्या विणार आहे.

बाबा: पाण्याचं बोला.

दादा: बाबा, पाणी पाहूनच जागा ठरवली. एक गाय दिवसाला ५०-६० लिटर पिते. अंगावर वासरू असेल आणि ऊन कडक असेल तर ८०-९० लिटरसुद्धा. म्हणजे वाईट दिवसांत २,७०० लिटर धरा. बोअर आहे, आणि १०,००० लिटरची टाकी. मोटर जळली तरी तीन दिवस हातात राहतात.

बाबा: आणि चारा? ३० तोंडं आहेत.

दादा: इथे आलो आणि आधी गवत शिकलो, गाई नंतर. ४०० किलोच्या गाईला रोज साधारण १० किलो सुका चारा लागतो. ओल्या गवतात पाणीच जास्त, त्यामुळे तेवढंच पोट भरायला हिरवं ५० किलोपर्यंत जातं. आता मुद्दा असा की गुरं एकाच तुकड्यात सोडून ठेवली की ती कोवळा कोंब दिसला रे दिसला की खातात. गवताला सावरायला वेळ मिळत नाही, मुळं आखडतात. रँचच्या मालकांनी पहिल्याच महिन्यात माझ्या हातात खुरपं दिलं आणि दोन ठोंब उपटायला लावले. फाटकाजवळ गुरं सतत उभी असतात, तिथल्या ठोंबाची मुळं बोटभर. राखलेल्या तुकड्यातली वीतभर, आणि त्यांना काळी भुसभुशीत माती चिकटून आलेली. तो ठोंब मी कितीतरी वेळ हातात धरून बसलो होतो. फ्रान्सच्या आंद्रे व्वाझाँ या शेतकरी-संशोधकाने १९५० च्या दशकात हेच मांडलं होतं: कुरण उजाड होतं ते गुरं किती यापेक्षा ती किती दिवस थांबली आणि किती लवकर परत आली यावर. म्हणून झटका मशीनच्या, म्हणजे विजेचा हलका झटका देणाऱ्या तारेने आम्ही कुरणाचे तुकडे पाडलेत. एक-दोन दिवसांत गुरं पुढे सरकवायची, आणि चरलेल्या तुकड्यात गवत पुरतं वर आल्याशिवाय पाऊल ठेवू द्यायचं नाही.

बाबा: रोगराई? लहानपणी मी बुळकांडीने गोठे रिकामे झालेले पाहिलेत.

दादा: बुळकांडी आता जगात उरली नाही बाबा, २०११ मध्ये तसं अधिकृत जाहीर झालं. लाळ्या-खुरकूत आहे, गोचीड आहेत. लसी वेळेवर टोचतो, तारखा भिंतीवर लिहिल्यात. एक चूक माझ्या हातून झाली तीही सांगून टाकतो. मार्चमध्ये सकाळी दव असताना उपाशी गाई कोवळ्या क्लोव्हरमध्ये, म्हणजे बरसीमसारख्या हिरव्या चाऱ्यात सोडल्या. तासाभरात एकीचं पोट फुगलं. डाव्या कुशीवर थाप मारली तर ढोलासारखा आवाज. मालकांनी नळी घालून वायू काढला म्हणून ती वाचली. आता आधी सुका चारा, मगच तो तुकडा.

आई: एक विचारू? खोंडांचं काय करता?

वहिनी: आई, विकावे लागतात. रँचचा खर्च त्यावरच चालतो. हा प्रश्न माझ्याही मनात पहिल्या दिवसापासून आहे. पहिली गाडी भरली त्या दिवशी मी जेवले नाही. मालकीणबाई म्हणाल्या, ते इथे आहेत तोवर त्यांना ऊन, तहान, मार लागू द्यायचा नाही, एवढं आपल्या हातात आहे. मी तेवढं धरून चालले आहे. त्यापलीकडचं उत्तर माझ्याजवळ नाही.

आई: खरं बोललीस ते बरं केलंस.

मामा: घर विकलं का?

दादा: नाही. भाड्याने दिलंय. जागाही विकत घेतलेली नाही, तीन वर्षांच्या कराराने घेतोय. मालक थकलेत, पहिलं वर्ष ते सोबत राहणार आहेत. तीन वर्षांत एक तरी दुष्काळी उन्हाळा बघायला मिळावा, मगच विकत घ्यायचं ठरवू. आत्या, रात्रीच्या हाकेचं म्हणालीस ना, गुरांचे डॉक्टर ४० मिनिटांवर आहेत. माणसांचा दवाखाना तासाभरावर. हे अंतर आहे खरं. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण दोघांनीही घेतलंय.

आत्या: तासभर म्हणजे फार झालं रे. मला अजून पटत नाहीये.

वहिनी: गाय कळपातून बाजूला गेलीय. सारखी बसतेय, उठतेय. जाते मी.

वहिनी (रात्री २:५१): व्याली. पुढचे दोन पाय आणि त्यावर नाक, सरळ आलं. कालवड आहे. पण निपचित पडली होती. ह्यांनी सुक्या पोत्याने घासघासून अंग कोरडं केलं, मी नाकपुडीत काडी घातली तेव्हा शिंकली. उभं राहता येईना, म्हणून चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, हाताने काढून बाटलीने पाजला. आत्या, वासराला पोटात असताना आईकडून प्रतिकारशक्ती मिळत नाही. ती चिकातून मिळते, आणि आतड्यातून रक्तात जायची वाट दिवसभरात बंद होते. पहिले काही तास गेले की गेले. म्हणून थांबता येत नव्हतं.

बाबा (३:०४): किती प्यायली?

वहिनी: बाबा, जागे आहात? २ लिटर. सहाच्या आत आणखी २ द्यायचाय.

बाबा: वार पडली का?

वहिनी: अजून नाही, वासरामागची झिल्ली आतच आहे. इथेच बसलोय दोघं.

आत्या: कालवड उभी राहिली?

वहिनी: मागचे पाय उचलतेय. पडतेय. परत उचलतेय.

बाबा: वार पडली की कळवा. मी जागाच आहे.