ओएससीई: हात तयार असूनही नापास का?
आयसीयूत वर्षानुवर्षं काढलेल्या आपल्या सिस्टर ब्रिटनच्या ओएससीईत, म्हणजे तिथे नर्स म्हणून नोंदणीसाठी द्याव्या लागणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेत, नापास कशा होतात? बहुतेकदा न बोलल्यामुळे. परीक्षेतल्या दहा स्टेशनांपैकी (टप्प्यांपैकी) चारांत रुग्णाची तपासणी, काळजीचं नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन असतं. औषधाआधी नाव, जन्मतारीख हातावरच्या पट्टीशी ताडली नाही, अ‍ॅलर्जी विचारली नाही, की तिथेच घात. आपल्याकडे हे मनातल्या मनात होतं. तिथे परीक्षकाला ऐकू यायला हवं. न्यूज२ तक्ता (नाडी, श्वास, रक्तदाब वगैरेंवरून रुग्णाची प्रकृती गुणांत मांडणारा) आणि काळजी-आराखडा घड्याळ लावून लिहायचा सराव करा, कारण एका अर्जावर तीनच संधी मिळतात.

तिथल्या रुग्णालयांनाही सांगणं आहे: पास झाल्याबरोबर पूर्ण वॉर्ड एकटीवर टाकू नका, प्रिसेप्टर, म्हणजे सोबत राहून शिकवणारी अनुभवी नर्स, द्या. बँड ५ चा (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत नर्सच्या सुरुवातीच्या वेतनश्रेणीचा) पगार ठरवताना मायदेशातला अनुभव धरला नाही, तर ती दुसरा ट्रस्ट (सरकारी रुग्णालयं चालवणारी संस्था) शोधणारच.